एकतीस कार्डं

जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या
आणि बिनकाट्यांची घड्याळं यांच्या मधोमध
बुटाच्या खोक्यात होतं टॉलिव्हर.
ओहायो राज्य. नदी एक, चर्चं तीन.
अत्तार म्हणाला, बाई, सगळंच घ्या, दोनशे द्या,
सुटं विकलं की गाव मोडतं.

छत्तीस वर्षं मी स्टेशनाजवळच्या आरएमएसमध्ये
लोकांची कार्डं खणांत टाकली.
पत्त्याची बाजू बघायची, मजकुराची नाही,
हा रात्रपाळीचा धर्म.
आता निवृत्त आहे. आता वाचते.

सगळी एकाच बाईला :
मिस हॅरिएट, मिशनचा दवाखाना, पूना.
पाठवणारी तिची बहीण, कोरा.
दोन सेंटांचं लाल तिकीट, कललेलं अक्षर,
आणि जागा संपली की कडेकडेनं उभा चढणारा मजकूर,
आपल्याकडे ‘बाकी सर्व क्षेम’ चढायचं तसा.

आधी वाटलं, काय आभाळ आहे टॉलिव्हरला!
मग भिंग आणलं.
कोर्टावर जो ढग, तोच टोमॅटोच्या कारखान्यावर,
तोच मेथडिस्ट चर्चवर, शेपूट डावीकडे.
रंग म्हणे जर्मनीत भरायचे.
भरणाऱ्याकडे ढग एकच असेल.

सावल्या मात्र खऱ्या.
त्यांच्यावरून मी दिशा लावल्या,
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मेन स्ट्रीट आखला.
१९०८ला ट्राम नाही, ११ला रूळ आलेत.
वाण्यापुढचं झाड १२ला नाही.
हलल्यामुळे पुसट झालेला एक मुलगा
तीन कार्डांत आहे, तिन्हींत पुसट.
भाचा म्हणतो, मावशी, आपल्या पेठेतल्या गल्ल्या
येतील का तुला अशा काढता?
नाही येणार. आमची गल्ली कुणी छापली नाही.

एकोणिसावं कार्ड बरेच दिवस पालथं ठेवलं होतं.
जत्रेत, घोड्यावर, पिसं खोवलेला म्हातारा.
खाली छापलंय : ‘प्रिन्स, आणि शेवटचा इंडियन’.
प्रिन्स हे घोड्याचं नाव.
मागे कोरा विचारते,
हॅटी, तुझ्याकडचे इंडियन असेच दिसतात का गं?
हॅटीनं उत्तर धाडलंच असणार.
तिकडच्या कुठल्याशा खोक्यात
लुगड्यातली एक बाई बिननावाची उभी असेल,
डोळे बारीक करून, घागर कमरेवर.

सव्विसावं. मार्च १९१३.
मेन स्ट्रीटवर होडी, होडीत टोप्या घातलेले चौघे.
दुसऱ्या मजल्याकडे शाईचा बाण :
‘इथे आपण झोपायचो.’
यात ढग नाही. आभाळ नुसतं पांढरं.

पानशेत फुटलं तेव्हा मी सहा वर्षांची.
आईनं आम्हाला पर्वतीवर नेलं,
हातात शिजत असलेल्या भाताचं पातेलं.
परतलो तर खोलीच्या जागी गाळ
आणि कुणाचं तरी शिलाई मशीन.
खिडकी लकडी पुलाच्या बाजूला होती की ओंकारेश्वराच्या
यावर अक्काचं नि माझं भांडण होतं.
ती गेली. भांडण आहे.

रविवारी अत्तारला विचारलं, पुण्याचं काही?
शनिवारवाडा आहे, म्हणाला, पर्वती आहे.
आणि घरं? साधी?
घरं कोण छापतं, बाई.

रात्री पन्नास पैशांचं कोरं कार्ड घेतलं,
मधोमध एक बाण काढला.
टोकाशी काही नाही.
तसंच ठेवलंय, सव्विसाव्याच्या मागे,
खण चुकलाय हे मला कळतं.

एकतिसाव्यावर नवा पूल आहे, लोखंडी.
मागे कोरा एवढंच लिहिते :
टोमॅटो यंदा बरे आले.
पूर नाही, घर नाही, कुणी गेलं की राहिलं, नाही.
टोमॅटो.
ते मी तीनदा वाचलं.